सरदार पोस्ट ते मुजीबनगर

९ एप्रिल १९६५च्या पहाटे तीनच्या सुमारास कच्छच्या रणातल्या सरदार पोस्टवर तोफगोळे पडू लागले. चौकीत केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या दुसऱ्या बटालियनचे जवान होते. म्हणजे पोलीस. दंगल आवरणे, निवडणुकीला बंदोबस्त देणे हे त्यांचे एरवीचे काम. समोरून चालून येत होती पाकिस्तानी लष्कराची ५१वी ब्रिगेड. साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक आणि पाठीशी तोफखाना.

गोळाबारी थांबली तेव्हा चौकी एकदम शांत होती. आत कुणी जिवंत उरले नसावे असे समजून पाकिस्तानी सैनिक पुढे सरकले. ते अगदी टप्प्यात येईपर्यंत चौकीतल्या मशीनगनी गप्प राहिल्या आणि मग एकदम धडधडू लागल्या. हेड कॉन्स्टेबल भावनाराम कोपऱ्यातल्या मोर्च्यावरून हातबॉम्ब टाकत राहिले. झुंज सुमारे बारा तास चालली. दलाच्या नोंदींनुसार ३४ पाकिस्तानी सैनिक मारले गेले, चौघे जिवंत हाती लागले. आपलेही जवान धारातीर्थी पडले, काही पकडले गेले. चौकीचे प्रमुख मेजर कर्नेलसिंग पाकिस्तानच्या कैदेत गेले. ९ एप्रिल हा दिवस केंद्रीय राखीव पोलीस दल आजही शौर्य दिन म्हणून पाळते आणि तो मान त्या जवानांचा हक्काचाच आहे.

पण त्या पराक्रमाचे कौतुक ओसरण्याआधीच दिल्लीत एक अडचणीचा प्रश्न उभा राहिला. लष्कराच्या ब्रिगेडसमोर पोलीस उभे होतेच कशाला?

त्याचे उत्तर १९४७च्या फाळणीत होते. रॅडक्लिफची रेघ नकाशावर पडली, पण ती राखायची कुणी याची वेगळी व्यवस्था झाली नाही. कायदा आणि सुव्यवस्था हा राज्यांचा विषय, म्हणून सीमाही राज्यांच्या पदरात पडली. पंजाबात पंजाब आर्म्ड पोलीस, राजस्थानात राजस्थान आर्म्ड कॉन्स्टॅब्युलरी, गुजरातेत राज्य राखीव पोलीस, पूर्वेला बंगाल, आसाम, त्रिपुरा यांची आपापली सशस्त्र दले. प्रत्येकाचा गणवेश वेगळा, पगार वेगळा, शिस्तीची रीत वेगळी. एका राज्याच्या चौकीला शेजारच्या राज्याच्या चौकीवर काय चालले आहे ते कळायचे तर निरोप दोन राजधान्या फिरून यायचा. राज्यात दंगल उसळली की सीमेवरची कुमक मागे ओढली जाई. मुख्यमंत्र्याला शहर जळताना दिसते, वाळवंटातली चौकी दिसत नाही. त्यात त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही, व्यवस्थाच तशी होती.

याची किंमत लडाखमध्ये एकदा मोजून झाली होती. २१ ऑक्टोबर १९५९ला हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैनिकांच्या गोळीबारात दहा पोलीस मारले गेले. त्यांच्या आठवणीत देशभरातले पोलीस २१ ऑक्टोबरला स्मृतिदिन पाळतात. १९६२च्या युद्धात, २४ ऑक्टोबरला, भारत-तिबेट सीमा पोलीस दल उभे राहिले. म्हणजे हिमालयासाठी जाग आली होती. पाकिस्तानची सीमा मात्र, पूर्व आणि पश्चिम मिळून, होती तशीच राहिली.

कच्छचा तंटा एप्रिलअखेर चिघळला, रणगाडे आले, आणि १ जुलैला ब्रिटनच्या मध्यस्थीने तो थांबला. प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री, गृहमंत्री गुलझारीलाल नंदा आणि गृहसचिव एल. पी. सिंग यांच्यापुढे आता एका दलाचा आराखडा होता. सीमा केंद्राच्या हाती घ्यायची, एवढ्यावर फारसे दुमत नव्हते. हे दल लष्कराचे धाकटे भावंड असावे की पोलिसांचे, हा खरा वाद होता. तोडगा निघाला तो असा: शांततेच्या काळात दल गृहमंत्रालयाखाली राहील आणि युद्ध पेटले की लष्कराच्या हुकमतीखाली लढेल. आज हे सहज वाटते. पण या एका निर्णयाने भारताच्या सीमेवरच्या माणसाचा स्वभाव ठरला. तिथे सैनिक बसवला असता तर त्याने समोर शत्रू शोधला असता. पोलीस बसवल्यामुळे त्याला समोर शत्रूबरोबर गावही दिसणार होते.

या दलासाठी माणूस निवडला गेला तो नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेला. खुस्रो फरामुर्झ रुस्तमजी. जन्म २२ मे १९१६. शिक्षण नागपुरात झाले आणि १९३८ साली ते मध्य प्रांत व वऱ्हाडच्या पोलीस सेवेत दाखल झाले. १९५२पासून सहा वर्षे ते पंडित नेहरूंच्या सुरक्षेचे प्रमुख होते. त्यानंतर मध्य प्रदेशाचे पोलीस महानिरीक्षक म्हणून त्यांनी चंबळच्या खोऱ्यात डाकूंशी सामना केला. ज्या गब्बरसिंगाचे नाव पुढे 'शोले'मुळे घराघरांत पोचले, तो खराखुरा गब्बर नोव्हेंबर १९५९मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत पोलिसांच्या गोळीने मेला. चंबळने रुस्तमजींना एक गोष्ट पक्की शिकवली होती. गावकरी बोलत नसेल तर बंदुका कितीही असोत, पोलीस आंधळाच असतो.

जुलै १९६५मध्ये त्यांची नेमणूक झाली. हाती दल नव्हते, कागद होते. कागदांवरची शाई वाळते न वाळते तोच सप्टेंबरचे युद्ध आले आणि पंजाब-राजस्थानच्या सीमेवर राज्यांच्या पोलिसांनाच पुन्हा पहिला मारा झेलावा लागला. युद्ध थांबले आणि १ डिसेंबर १९६५ला सीमा सुरक्षा दल अस्तित्वात आले. सुरुवातीच्या पंचवीस बटालियन म्हणजे राज्यांकडून घेतलेली तीच सशस्त्र पोलीस दले. कालपर्यंत पंजाबचा किंवा राजस्थानचा म्हणवणारा जवान एका रात्रीत भारताचा झाला. पण त्याची सेवाज्येष्ठता, बढती, पेन्शन, बदलीची भीती हे सगळे त्याच्याबरोबर आले. अशा दलाची मोट बांधणे हे चकमकीपेक्षा चिवट काम आहे आणि त्याच्या वाट्याला पदके येत नाहीत.

रुस्तमजींनी माणसे जमवली. पंजाबची सीमा अश्विनी कुमार यांच्याकडे दिली. हॉकीच्या जगात हे नाव सर्वांच्या ओळखीचे होते आणि पुढे तेच दलाचे दुसरे महासंचालक झाले. चीन युद्धानंतर लष्कराने तात्पुरत्या कमिशनवर घेतलेले तरुण अधिकारी मोकळे होऊ लागले, तेव्हा त्यांतल्या अनेकांना दलाने सामावून घेतले. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला अकादमी निघाली. १९६९मध्ये दलाची स्वतःची विमान शाखा सुरू झाली. १ ऑक्टोबर १९७१ला चक्क तोफखाना आला. गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतल्या पोलिसांकडे तोफा, ही जगात सहसा न आढळणारी गोष्ट.

तरीही सीमेवरचे रोजचे काम तोफेचे नाही, नजरेचे आहे. राजस्थानात आणि कच्छात पाऊलखुणेला खुरा म्हणतात. संध्याकाळी सीमेलगतच्या वाळूचा पट्टा काटेरी फांद्यांचा भारा किंवा लोखंडी चौकट ओढून सपाट केला जातो. पहाटे गस्तीची तुकडी तो पट्टा चालत किंवा उंटावरून तपासते. जाणता खोजी तिथे बराच वेळ वाकून बघत राहतो. टाच खोल रुतली असेल तर माणसाच्या पाठीवर ओझे होते. चवड्याचा दाब अवाजवी असेल, तर तो उलट्या पावलांनी चालत आला आहे. आत शिरलेला माणूस बाहेर गेल्यासारखा भासावा म्हणून. ठशावरून किड्याची बारीक नागमोडी रेघ गेली असेल, तर पाऊल रात्रीच पडले, किडा नंतर फिरला. बनासकांठ्याच्या रणछोडदास रबारींनी ही विद्या वापरून १९६५ आणि १९७१मध्ये लष्कराला वाटा दाखवल्या. लोक त्यांना रणछोड पगी म्हणत. सुईगामजवळ सीमा सुरक्षा दलाच्या एका चौकीला त्यांचे नाव दिले आहे. सरकारी चौकीला एका गुराखी समाजातल्या वाटाड्याचे नाव मिळणे, हा त्या विद्येचा रास्त सन्मान झाला.

बीओपी, म्हणजे सीमेवरची चौकी, ही या सगळ्या व्यवस्थेचे मूळ. तिथला जवान सीमास्तंभ शाबूत आहेत का ते पाहतो, रात्री नाक्यावर दबा धरतो, चोरटा माल अडवतो, चुकून पलीकडे गेलेल्या गुरांसाठी समोरच्या दलाशी फ्लॅग मीटिंग करतो. अटक केलेला माणूस आणि माल तो स्वतःजवळ ठेवू शकत नाही, पोलीस किंवा कस्टम्सच्या हवाली करतो. युद्धात त्याने कमी धोक्याचा पट्टा धरून ठेवायचा, लष्कराला वाटाड्या पुरवायचे, निर्वासितांना सांभाळायचे.

हे सगळे कायद्यात बसवायला तीन वर्षे लागली. सुरुवातीला दलाचा कारभार केंद्रीय राखीव पोलिसांच्या १९४९च्या कायद्यावर चालला होता. कच्छ आणि सप्टेंबरचे युद्ध संरक्षणमंत्री म्हणून अंगावर घेतलेले यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६६मध्ये गृहमंत्री झाले आणि त्यांच्याच काळात १९६८चा सीमा सुरक्षा दल कायदा झाला. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला कच्छच्या लवादाचा निवाडा आला होता. वादातल्या प्रदेशाचा नऊदशांशाच्या आसपास भाग भारताकडे राहिला, पण कंजरकोट आणि छाडबेट गेले. ज्या टापूसाठी एप्रिल १९६५मध्ये रक्त सांडले, त्यातला काही भाग कागदावर हातचा गेला, ही सल त्या वेळच्या संसदेतही उमटली.

मग आले १९७१.

२५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. त्यानंतरच्या पहिल्या दिवसांत पूर्व सीमेवर भारतीय लष्कर नव्हते. होत्या त्या सीमा सुरक्षा दलाच्या चौक्या. समोरच्या ईस्ट पाकिस्तान रायफल्सच्या बंगाली जवानांनी बंड केले होते आणि ते मदत मागायला कुणाकडे आले? ज्यांच्याशी वर्षानुवर्षे गुरांवरून आणि सीमास्तंभांवरून फ्लॅग मीटिंगा केल्या, त्या समोरच्या चौकीतल्या ओळखीच्या माणसांकडे. त्रिपुरातल्या श्रीनगर चौकीचे असिस्टंट कमांडंट परिमल घोष साध्या कपड्यांत पलीकडे गेले, शुभपूरच्या पुलाजवळ बंडखोरांना भेटले आणि पुढे त्या भागात प्रोफेसर अली या नावाने वावरले. दिल्लीत धोरण ठरण्याआधी सीमेवरच्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याने पाऊल उचलले होते.

३० मार्चला याहून मोठी गोष्ट घडली. अवामी लीगचे सरचिटणीस ताजुद्दीन अहमद आणि त्यांचे सहकारी अमीरुल इस्लाम ढाक्याहून लपतछपत, मिळेल त्या वाहनाने आणि पायी, कुष्टियाच्या बाजूने सीमेजवळ आले. ते स्वतः सीमा ओलांडेनात. मेहेरपूर आणि झिनैदाहचे दोन तरुण बंगाली अधिकारी निरोप घेऊन पुढे आले: स्वतंत्र देशाचे प्रतिनिधी म्हणून मानाने बोलावणार असाल, तरच येऊ. तोवर ताजुद्दीन आणि अमीरुल एका ओढ्यावरच्या मोरीपाशी वाट बघत बसले होते. दिवसभराच्या धुळीने माखलेले, थकलेले, आणि तरीही मानाचा आग्रह धरणारे. बांगलादेशाचे परराष्ट्र धोरण त्या मोरीवर जन्मले असे म्हणायला माझी हरकत नाही.

सीमा सुरक्षा दलाचे पूर्व विभागाचे महानिरीक्षक गोलोक मजुमदार त्यांना सामोरे गेले आणि तो मान त्यांनी दिला. त्याच रात्री रुस्तमजी दिल्लीहून विमानाने कलकत्त्यात उतरले आणि दमदमला या दोघांना भेटले. अंगावरच्या मळक्या कपड्यांखेरीज पाहुण्यांजवळ काही नव्हते. रुस्तमजींनी आपले कुर्ते-पायजमे त्यांना घालायला दिले. पुढच्या काही दिवसांत ताजुद्दीन दिल्लीत इंदिरा गांधींसमोर बसले होते.

एप्रिल हा महिना सीमा सुरक्षा दलाचा होता. चट्टग्रामच्या कालुरघाट इथले बंडखोरांचे रेडिओ केंद्र ३० मार्चला पाकिस्तानी विमानांनी उडवले, तेव्हा त्रिपुरातल्या बगाफा इथल्या दलाच्या तळावरून 'स्वाधीन बांगला बेतार'चा आवाज पुन्हा निघू लागला. १७ एप्रिलला मेहेरपूरजवळच्या बैद्यनाथतला गावातल्या आमराईत नव्या सरकारचा शपथविधी झाला. कुठे जायचे ते न सांगता कलकत्त्यातल्या पत्रकारांना पहाटे गाड्यांत बसवून तिथे नेले. बंदोबस्त दलाच्या जवानांचा, पण तो डोळ्यांत येणार नाही असा, कारण समारंभ बांगलादेशाच्या भूमीवर बांगलादेशाचाच दिसायला हवा होता. सय्यद नझरूल इस्लाम हंगामी राष्ट्रपती झाले, ताजुद्दीन पंतप्रधान. जागेचे नाव मुजीबनगर पडले. लगेच दुसऱ्या दिवशी कलकत्त्यातले पाकिस्तानचे उपउच्चायुक्त हुसेन अली यांनी आपल्या बंगाली कर्मचाऱ्यांसह बाजू बदलली आणि सर्कस ॲव्हेन्यूवरच्या त्यांच्या कचेरीवर नवा झेंडा चढला. त्यामागेही रुस्तमजी आणि मजुमदार यांची मनधरणी होती. एप्रिलअखेर बंडखोरांच्या मुक्तिवाहिनीची जबाबदारी लष्कराकडे गेली, आणि ते योग्यच झाले. पुढचे काम पोलिसांच्या आवाक्यातले नव्हते. पण पाच-सव्वापाच वर्षांच्या या दलाने पहिल्या पाच आठवड्यांत जे निभावले, त्याची आठवण विजयाच्या कथांत फार कमी वेळा निघते. ढाक्यातली शरणागती सगळ्यांना पाठ असते, मोरीवरची भेट क्वचित कुणाला.

डिसेंबरमध्ये पश्चिमेला युद्ध पेटले आणि दल ठरल्याप्रमाणे लष्कराच्या हुकमतीखाली गेले. लोंगेवालाला मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांची २३ पंजाबची कंपनी लढली, ती चौकी मुळात सीमा सुरक्षा दलाची. दलाचे काही जवानही त्या रात्री तिथे होते. पंजाबातल्या राजा मोहतम चौकीसाठी लढताना असिस्टंट कमांडंट रामकृष्ण वाधवा कामी आले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. गृहमंत्रालयाच्या दलातल्या अधिकाऱ्याला हा लष्करी सन्मान मिळावा, हे त्या काळी साधे नव्हते.

रुस्तमजी १९७४मध्ये महासंचालकपदावरून बाजूला झाले. त्यांच्या पोलिसी नजरेत सामान्य माणूस किती पक्का होता, ते पाच वर्षांनी दिसले. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून त्यांनी बिहारचे तुरुंग पाहिले. खटलाच न चालता वर्षानुवर्षे कोंडलेल्या माणसांबद्दल त्यांनी १९७९च्या जानेवारीत 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये लिहिले. त्या लेखांवरून वकील कपिला हिंगोराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि हुसैनारा खातून खटला उभा राहिला. भारतातल्या जनहित याचिकांची सुरुवात त्यापासून मोजतात. १९९१मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २००३च्या मार्चमध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

ज्या सीमेवर १९७१मध्ये हात पुढे झाला, तीच पुढे दलाची सर्वांत अवघड सीमा ठरली. भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटरची. नद्या, भातखाचरे आणि दाट वस्तीतून जाणारी. दोन्ही देशांनी १९७५मध्ये ठरवले की सीमारेषेपासून १५० यार्डांत कसलेही संरक्षक बांधकाम करायचे नाही. त्यामुळे कुंपण बरेच आत घालावे लागले आणि कित्येक भारतीय शेते, काही ठिकाणी वस्त्याही, कुंपणापलीकडे राहिल्या. पंजाबातही तेच. शेतकरी ठरलेल्या वेळेला फाटकाशी ओळखपत्र दाखवतो, जवानांच्या नजरेखाली नांगरट करतो आणि फाटक बंद व्हायच्या आत परततो.

७ जानेवारी २०११ला फेलानी खातून ही पंधरा वर्षांची मुलगी वडिलांबरोबर भारतातून बांगलादेशात परत जात होती. कुरिग्राम जिल्ह्याच्या सीमेवर कुंपण ओलांडताना तिचे कपडे काटेरी तारेत अडकले, ती किंचाळली आणि जवानाने गोळी झाडली. तिचा मृतदेह काही तास तारेवर लटकत होता. दलाच्या न्यायालयाने २०१३मध्ये आणि फेरविचारात २०१५मध्येही जवानाला निर्दोष ठरवले. ज्या दलाच्या घडणीत गाव ओळखण्याला इतके मोल होते, त्याचा इतिहास लिहिताना हे पान वगळता येत नाही. तारेत अडकलेली मुलगी आणि तस्कर यांतला फरक ओळखणे हेच तर पोलिसाचे काम होते.

राज्यांकडून सीमा काढून घेताना केंद्राचा अधिकार किती आणि राज्याचा किती, हा जो प्रश्न पुरता सुटला नव्हता, तो ऑक्टोबर २०२१मध्ये नव्याने वर आला. केंद्राने पंजाब, बंगाल आणि आसाममध्ये दलाच्या झडतीच्या आणि अटकेच्या अधिकारांची हद्द सीमेपासून १५ किलोमीटरवरून ५० किलोमीटरवर नेली. गुजरातेत ती ८०वरून ५०वर आणली, राजस्थानात ५०च होती. पंजाब आणि बंगालच्या विधानसभांनी विरोधाचे ठराव केले. पंजाब हे अरुंद सीमावर्ती राज्य, पन्नास किलोमीटरमध्ये त्याची मोठमोठी शहरे येतात. पंजाब सरकारने त्याच डिसेंबरमध्ये केंद्राविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. केंद्राचे म्हणणे असे की ड्रोनने माल टाकणारे आता दूरवरून काम करतात, म्हणून हद्द वाढवली. आणि पकडलेला माणूस तपासासाठी पूर्वीसारखाच राज्याच्या पोलिसांकडे जाईल.